वारसा गावाचा, हक्कसोड बायकांची

यंदाच्या थंडीत माहेरी, मालवणला गेले होते. भावांनी घराच्या कागदांवर सही करायला बोलावलं होतं. आमचं घर बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत आहे. जांभ्या चिऱ्यांचं, कौलारू, आजोबांनी बांधलेलं. भावांना ते पाडायचं नाही, उलट डागडुजी करून पर्यटकांना राहायला द्यायचं आहे. दारावर 'वारसा घर' अशी पाटी लावायचं चाललंय. कल्पना चांगलीच आहे. कागदाचं नाव होतं, हक्कसोडपत्र.

कचेरीतलं काम दुपारी तीनला होतं, सकाळ मोकळी होती. म्हणून गाव बघायला बाहेर पडले. ज्या गावात जन्मले, शाळेत गेले, लग्न होऊन जिथून निघाले, त्या गावात पन्नाशी उलटल्यावर पहिल्यांदाच उगाच फिरायला निघाले.

दहा पावलांवर पहिला प्रश्न आला. "खंय चललंस गो?" पुढच्या कोपऱ्यावर दुसरा, तिसऱ्या दुकानाशी तिसरा. विचारणारे मायेनेच विचारतात. पण भरड नाक्यावर तासन् तास उभ्या असलेल्या पुरुषाला कुणी विचारत नाही, तू इथे का आहेस म्हणून. बाईला मात्र रस्त्यावर असण्याचं कारण लागतं. हातात पिशवी लागते, डोक्यावर टोपली लागते, नाहीतर बरोबर पोर लागतं. नुसती चालणारी बाई गावाच्या हिशोबात बसत नाही. मीही शेवटी खोटंच सांगितलं, "बाजाराक."

बोटं संपली, बाई आली नाही

बंदरावर जेटीपाशी वीस-पंचवीस जणांची वारसा फेरी निघत होती. पुण्या-मुंबईची माणसं होती. पैसे भरून मीही त्यांच्यात सामील झाले. आपल्याच गावात पाहुणी होऊन चालले.

गाईड तरुण, अभ्यासू मुलगा होता. त्याला नावं ठेवायला मी हे लिहीत नाही. त्याने मोरयाचा धोंडा दाखवला. २५ नोव्हेंबर १६६४ ला किल्ल्याची पायाभरणी झाली, कुरटे बेटाची निवड कशी झाली, पायात शिसं कसं ओतलं, सुमारे तीन वर्षांत सिंधुदुर्ग कसा उभा राहिला, हे छान सांगितलं. होडीने आम्हाला किल्ल्यात नेलं. शिवराजेश्वराचं मंदिर, चुन्यात उमटलेले महाराजांच्या हाताचे नि पायाचे ठसे, मग तीन गोड्या पाण्याच्या विहिरी: दूधबाव, दहीबाव, साखरबाव. चहूकडे खारं पाणी आणि मधोमध गोडं, हे ऐकून सगळ्यांनी माना डोलावल्या, फोटो काढले.

मी मोजत होते. अडीच तासांत पुरुषांची नावं इतकी आली की दोन्ही हातांची बोटं संपली. बायकांची नावं आली दोन, भवानी आणि सातेरी. दोघीही देवी.

विहिरींपाशी मी विचारलं, "हे पाणी ओढायचं कोण?" मुलगा क्षणभर थांबला आणि म्हणाला, "किल्ल्यातले लोक." दूध, दही, साखर अशी नावं पाण्याला मिळाली. पाणी ओढून ज्यांच्या हाताला घट्टे पडले त्या मात्र 'लोक' झाल्या. किल्ल्यात आजही काही कुटुंबं राहतात. त्यांच्या घरात पाणी कोण भरतं, हे विचारायला इतिहासकार नको.

इथे लगेच कुणीतरी म्हणेल की शिवाजी महाराजांच्या किल्ल्यावर जाऊनही तुम्हा बायकांना हेच सुचतं. बायांनो, हा आरोप आपण घाबरून ऐकून घेतो, म्हणून सांगते. महाराजांचं मोठेपण कमी करण्याचा हा प्रश्नच नाही. महाराजांच्या हाताचा ठसा जपलाच पाहिजे. ठसा ज्या चुन्यात उमटला तो चुना कुणी कालवला, एवढंच मी विचारते. बांधकामावर माती आणि दगड वाहणाऱ्या बायका आपण आज रोज बघतो. कागदात नाव नाही म्हणून त्यांच्या पणज्यांचे हात तिथे नव्हते, असं समजायचं काय कारण?

बरं, राण्यांना तरी इतिहासात जागा आहे का? राजारामांच्या मृत्यूनंतर १७०० पासून सात वर्षं औरंगजेबाशी झुंज देणाऱ्या ताराबाईंचं नाव त्या दिवशी निघालं नाही. इंग्रजांनी १७६५ मध्ये हाच किल्ला घेतला आणि त्याला 'फोर्ट ऑगस्टस' असं नाव दिलं. तेव्हा मालवण कोल्हापूरकरांकडे होतं आणि कोल्हापूरचा कारभार जिजाबाई बघत होत्या. राजमाता जिजाऊ नव्हेत, या कोल्हापूरच्या जिजाबाई. १७६० पासून १७७३ पर्यंत, दत्तक मुलाच्या नावाने, राज्य त्यांनी चालवलं. इंग्रजांशी तह होऊन पुढल्याच वर्षी किल्ला परत आला. इंग्रजांनी ठेवलेलं नाव गाईडला माहीत होतं. तेव्हा कारभार करणाऱ्या बाईचं नाव माहीत नव्हतं. चूक त्याची नाही. त्याला शिकवलेल्या पुस्तकात ते नव्हतं.

नाकावर रुमाल

परत बंदरावर आलो तेव्हा मासळी उतरत होती. लिलाव चालू होता. बायका टोपल्या, पाट्या, बर्फ घेऊन बसल्या होत्या. कुणी भाव पाडत होती, कुणी बांगडा-तारली वेगळी करत होती. आमच्या फेरीतल्या बऱ्याच जणांनी नाकाला रुमाल लावला. गाईडने पावलं भराभर उचलायला सांगितलं, कारण पुढे 'बघण्यासारखं' होतं.

मी मागे राहिले. शाळेपासून तोंडओळख असलेल्या एका काकींपाशी बसले. त्या हसून म्हणाल्या, "किल्लो बघूक येतत, आमका बघून नाकार रुमाल धरतत." थोड्या वेळाने म्हणाल्या, "आणि दुपारी सुरमय खातत."

किल्ला कधी बांधला ते शिलालेखावरून, बखरीवरून सांगता येतं. पण मासा कोणत्या महिन्यात कसा येतो, कोणता सुकवायचा, कोणता खारवायचा, पावसाळ्यात होड्या वर ओढल्या की घर कशावर काढायचं, हे ज्ञान या बायकांच्या डोक्यात आहे. तेही कित्येक पिढ्यांचं आहे. त्याला कुणी वारसा म्हणत नाही. त्याला 'वास' म्हणतात.

सरकारदरबारी मच्छीमार म्हणजे कोण? ज्याची होडी, ज्याचं जाळं, तो. डिझेलचा परतावा होडीला मिळतो. वादळात भरपाई होडीची आणि जाळ्याची होते. मे २०२१ च्या तौक्ते वादळाने या किनाऱ्याला झोडपलं, तेव्हाही पंचनामे होड्यांचे, जाळ्यांचे आणि घरांचे झाले. बाईची बुडालेली विक्री, कुजलेली सुकी मासळी, वाहून गेलेली टोपली पंचनाम्याच्या कुठल्या रकान्यात बसते? तिच्या नावावर होडी नाही, म्हणून ती मच्छीमार नाही. ती मच्छीमाराची बायको.

जिल्ह्यातल्या एका बाजारात मासे विकणाऱ्या बायकांनी मला सांगितलं की त्या सकाळपासून पाणी पीत नाहीत. कारण पाणी प्यालं की जायचं कुठे? मूत्राशयाचे विकार, पाठदुखी, पाळीच्या दिवसांतले हाल यांवर त्या बोलायला लागल्या तेव्हा तासभर थांबल्या नाहीत. राजकोटला ४ डिसेंबर २०२३ ला महाराजांच्या ३५ फुटी पुतळ्याचं अनावरण झालं. २६ ऑगस्ट २०२४ ला तो कोसळला. मे २०२५ मध्ये तिथेच नवा पुतळा उभा राहिला. सतरा महिन्यांत एका जागी दोन पुतळे उभे राहू शकतात. मग बाईला बसायला सावली, मासळी सुकवायला ओटा आणि कडी लागणारं, पाणी असलेलं शौचालय यांचीच फाईल कुठे अडते? पैसा नसतो असं आता कुणी आम्हाला सांगू नये.

घर उभं कुणी ठेवलं?

पेठेतून परत येताना गाईड जुनी घरं दाखवत होता. हे अमक्यांचं, हे तमक्यांचं. चिरेबंदी जोती, लाकडी खांब, पुढची पडवी. लोक म्हणाले, "किती सुंदर टिकवलंय!" टिकवलंय हे खरं, पण कुणी?

आपल्या जिल्ह्याची गोष्ट आपल्याला माहीत आहे. पिढ्यान् पिढ्या इथला पुरुष मुंबईला गिरणीत गेला, चाकरमानी झाला. त्याने मनीऑर्डर पाठवली. ती पोचली तर पोचली. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला आणि कित्येक घरांची मनीऑर्डर कायमची बंद झाली. त्या सगळ्या वर्षांत इथे राहिल्या त्या बायका. कोकणातलं कौलारू घर एक पावसाळा दुर्लक्ष केलं तर गळतं, तीन पावसाळे केलं तर बसतं. आगोटीआधी कौलं परतून घेणं, झावळांच्या झडी बांधणं, जमीन सारवणं, वाळवी झाडणं, सासू-सासऱ्यांचं दुखणं काढणं, वाटेकऱ्यांशी भांडणं, सगळं त्यांनी केलं. आज ज्याला 'वारसा वास्तू' म्हणून टाळ्या मिळतात ती पन्नास-शंभर पावसाळे बायकांच्या कमरेवर उभी राहिली आहे. जे दारिद्र्यामुळे मुंबईला गेल्या त्याही बायकाच होत्या. गिरणगावात त्यांनी खाणावळी चालवून चाकरमान्यांना मालवणी जेवण घातलं. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभारलं ते या खाणावळवाल्यांना सावकाराच्या पाशातून सोडवण्यासाठी.

आणि आता पर्यटन. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला. घरोघरी खोल्या निघाल्या, 'घरगुती मालवणी जेवण' अशा पाट्या लागल्या. या पाटीतला 'घरगुती' हा शब्द नीट वाचा. घरगुती म्हणजे बिनपगारी. पहाटे उठून नारळ खवायचा, वाटप वाटायचं, घावणे काढायचे, चादरी धुवायच्या, संडास घासायचे, रात्री अकराला शेवटच्या पाहुण्याला सोलकढी द्यायची. हे करते घरातली सून. खोल्यांची नोंदणी घरमालकाच्या नावाने, बँकेचं खातं त्याचं, पाटीवर फोन नंबर त्याचा. ११ जुलै २०२५ ला युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यात सिंधुदुर्ग आहे. आनंदच आहे. गर्दी वाढणार, घरांना आणि जागांना भाव येणार. ज्या घराकडे कुणी बघत नव्हतं त्यावर आता सगळ्यांची नजर आहे. आणि नेमक्या याच वेळी घरोघरच्या बहिणींना आठवणीने बोलावणं येतंय, सही करून जा म्हणून.

वारसा आणि वारस

शब्द किती जवळचे आहेत बघा. वारसा आणि वारस. फेरीत चालणाऱ्यांना वारसा दिसतो. वारस कोण, हा प्रश्न कचेरीत सुटतो, बंद दाराआड, 'माहेर तुटू नये' या एका वाक्यावर.

कायदा काय म्हणतो ते आपल्याला पाठ असायला हवं. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात राहत्या घरासाठी खास कलम होतं, २३ वं. भाऊ जोवर वाटणी करत नाहीत तोवर बहिणीला राहत्या घराची वाटणी मागता येत नव्हती. राहण्याचा हक्क होता तो फक्त बिनलग्नाच्या, टाकलेल्या किंवा विधवा मुलीला. म्हणजे बाईचं काही वाईट झालं तरच घराचं दार उघडायचं! महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना जन्मतः हिस्सा दिला, पण २२ जून १९९४ पूर्वी लग्न झालेल्यांना वगळलं. माझं लग्न १९९३ चं. वर्षभराने हुकले. मग ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीने मुलगी मुलाच्या बरोबरीची सहहिस्सेदार झाली आणि ते २३ वं कलमही गेलं. ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं की हा हक्क जन्माने आहे, २००५ मध्ये वडील हयात असण्याची अट नाही. आपल्या ख्रिस्ती आणि मुसलमान मैत्रिणींचे कायदे वेगळे आहेत, पण त्यांच्याकडून होणारी 'समजूतदारपणाची' अपेक्षा वेगळी नाही.

म्हणजे पन्नास वर्षं झगडून कायदा मिळवला आणि तो एका सहीने परत द्यायचा. भाऊबीजेच्या साडीच्या बदल्यात.

माझे भाऊ वाईट नाहीत. धाकटा म्हणाला, "तुका येवक कोण नको म्हणता काय?" खरंच आहे, कुणी नको म्हणत नाही. पण येणं आणि असणं यांत फरक आहे. पाहुणी येते, मालकीण असते. ज्या घरात यायला कुणाचं 'नको' न म्हणणं लागतं, ते घर आपलं नव्हे.

काही आक्षेप मला त्या दिवशीच ऐकवले गेले. बहिणींना हिस्से दिले तर जुनी घरं तुकडे होऊन मोडतील, हा पहिला. कोकणातली किती घरं भावाभावांच्या दाव्यांत कुलूप लागून कोसळली, ती मोजा आणि मग बोला. नावं एकत्र लावली म्हणून भिंती फुटत नाहीत. दुसरा, बहिणीला सासरी मिळतं. काय मिळतं? सासरच्या उताऱ्यावर किती जणींची नावं आहेत? शेतकरी संघटनेने १९९० मध्ये लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली, नवऱ्यांनी बायकांच्या नावे जमीन करावी म्हणून. ती काढावी लागली, यातच उत्तर आलं. तिसरा, कोकणातली बाई मोकळीच आहे, तिला तुमच्या चळवळीची गरज नाही. ती बाजारात मोठ्याने बोलते म्हणून मोकळी ठरते. कागदावर ती आजही मुकीच आहे.

आणि एक आक्षेप आपला आपल्यावर. आपण हुंड्यावर बोललो, मारहाणीवर बोललो, दारूबंदीचे मोर्चे काढले. पण आपल्यापैकी कितीजणींनी गुपचूप हक्कसोडपत्रावर सही केली आहे? या विषयावर आपली शिबिरं कमी झाली, कारण इथे समोर सरकार किंवा सासू नसते, पाठचा भाऊ असतो. मी हे स्वतःला धरूनच म्हणते. त्या सकाळी मी सही करायचं ठरवूनच घरातून निघाले होते.

काय करायचं

इटलीतल्या काही बायकांनी २०१२ मध्ये एक गट काढला. आपापल्या गावातून फिरायचं आणि रस्त्यांच्या, चौकांच्या पाट्यांवर बायकांची नावं किती आहेत ती मोजायची. दगडी गल्ल्यांची, जगभरचे लोक डोळे भरून बघतात ती जुनी गावं. हाती लागलं ते असं: पुरुष अगणित, बायका फारच थोड्या, आणि त्यांतही बऱ्याचशा मेरीमाता आणि संतिणी. तिकडे मेरी, इकडे सातेरी. पाटीवर देवी चालते, बाई चालत नाही.

पण वेगळं घडू शकतं, आणि ते फार लांब नाही. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या मच्छीमार बायका स्वतः होडी वल्हवून लोकांना कांदळवनाची सफर घडवतात. तिथे बाई हे दृश्य नाही. दाखवणारी तीच आहे, आणि पैसे तिच्या हातात पडतात.

म्हणून आपल्या मागण्या अशा असाव्यात.

एक. किल्ल्याच्या नि गावाच्या पर्यटनाचा कुठलाही आराखडा मासे विकणाऱ्या बायकांना समोर बसवून व्हावा. २०१४ च्या फेरीवाला कायद्याने शहर समितीत विक्रेत्यांचे प्रतिनिधी चाळीस टक्क्यांहून कमी नसावेत आणि त्यांत एक तृतीयांश बायका असाव्यात असं सांगितलं आहे. समिती आहे का, त्यात कोण आहे, हे प्रत्येक नगरपालिकेत जाऊन विचारा. पालिकांत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. तिथल्या बहिणींनाही हा प्रश्न घाला.

दोन. बाजारात आणि बंदरावर पाणी असलेलं शौचालय, सावली आणि सुकवणीचे ओटे आधी. सेल्फीची जागा नंतर.

तीन. खोल्यांची नोंदणी आणि खातं, जी राबते तिच्या नावाने किंवा जोडनावाने.

चार. समजावून न घेता एकाही बाईने हक्कसोडपत्रावर सही करू नये. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे बाईला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. हे गावागावात सांगा.

तीनला कचेरीत गेले आणि सही केली नाही. कागद पुन्हा वाचला तेव्हा लक्षात आलं, माझा सुटलेला हक्क वहिनीकडे जाणारच नव्हता. वीस वर्षं त्या घराची जमीन सारवून, कौलं परतवून, उद्या पाहुण्यांचे घावणे काढणार ती वहिनी त्या कागदात कुठेच नव्हती. मी भावांना म्हटलं, माझं नाव राहू दे आणि तिचंही घाला, मग पाटी लावा. भाऊ गप्प झाले. अजून गप्पच आहेत. माहेर तुटलं का? माहीत नाही. पण त्या रात्री वहिनीने मला दोनदा विचारलं, "वन्स, माझा नाव लागता काय खरा?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी बंदरापर्यंत चालत गेलो. पिशवी नाही, टोपली नाही. कोपऱ्यावर प्रश्न आलाच, "खंय गो चलल्यात?" वहिनी म्हणाली, "खंय नाय. गाव बघतंव."

मैत्रिणींनो, आपापल्या गावात अशा निघा. पाट्या मोजा, उतारे मोजा, शौचालयं मोजा. जे सापडेल ते लिहून पाठवा. पुढच्या अंकात आपण आपल्या गावांचा वारसा आपणच छापू, वारसांच्या नावांसकट.